भिंतीतलं तिरकं भोक

फादर ऑझ्बर्ट बाहेरच्या बाजूने भोकाशी वाकले. खेड्यातल्या चर्चची भिंत नव्याने बांधताना गवंडी वॉटने ते कुणालाही न विचारता तिरकं ठेवलं होतं. त्यातून थेट वेदीवरचा चांदीचा प्याला दिसत होता.

“कशासाठी रे हे?”

“हवेसाठी, फादर.” वॉटने नजर चुकवली.

याच्या मनात चोरी आहे, असं फादरनी गृहीतच धरलं. रविवारी प्रार्थना चालू असताना भोकाबाहेर सावली हलली, तसे ते वेदी सोडून बाहेर धावले.

भोकाला डोळा लावून वॉटची बायको उभी होती. महारोग झाला म्हणून फादरनीच तिला चर्चचं दार बंद केलं होतं. ती घाबरून मागे सरली.

“दिसतं का इथून?” त्यांनी हळूच विचारलं.

“मेणबत्ती आड येते.”

फादर आत गेले आणि त्यांनी मेणबत्ती बाजूला सरकवली.