धरणावरचं गवत

वैशाखात माझ्या शेळ्यांच्या बरगड्या दिसत होत्या आणि धाकट्या जावेच्या शेळ्या मात्र भरल्या कासेनं घरी यायच्या. "हिच्या हाताला गुण आहे," सासूबाई म्हणायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा लपतछपत तिच्या मागं गेले. बाई थेट धरणाच्या उतारावर! तिथं चारायला बंदी. सगळीकडं तापलेले दगड आणि मधोमध गवताचा हिरवागार पट्टा.

मी तडक धरणावरच्या इंजिनिअरसाहेबांना गाठलं. "तिला चांगला दंड करा, साहेब. फक्त माझं नाव कुठं घेऊ नका."

"एवढ्या उन्हात हिरवं गवत?" साहेब धावतच सुटले. त्यांनी गवताखालची माती उकरली, तर गढूळ पाणी वर आलं. "पाणी धरण आतून पोखरतंय," ते ओरडले. "गाव रिकामं करा!"

धरणातलं पाणी सोडलं, गळती बुजवली, गाव वाचलं.

पुढं देवळासमोर धाकटीला साडीचोळी मिळाली, तिच्या शेळ्यांना हार. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. सरपंचांनी विचारलं, "पण साहेब, तुम्हाला खबर दिली कुणी?"

साहेबांनी गर्दीत माझ्याकडं पाहिलं. मी पदर सावरून पुढं सरकले.

ते म्हणाले, "नाव न घेण्याचा शब्द दिलाय मी."