अकराव्या भागातली ओळ

प्रसेनजितनं दारातून दोनदा हाक मारली, तरी शिलाई मशीन थांबलं नाही. त्याची सावली कापडावर पडली, तेव्हा कुठं मशीनवरच्या बाईनं वर पाहिलं.

"गौरीताई तुम्हीच ना? मी तुळजापूरहून आलोय. शाळेत चित्रकला शिकवतो. मेसेज केला होता."

"या सर. तिकडं नको, इकडं समोर उजेडात बसा."

भूम तालुक्यातल्या ईट गावच्या बसथांब्यामागचं हे घर त्यानं मेसेजवरूनच शोधलं होतं. फोन तीनदा केला. तिन्ही वेळा तिनं कट केला अन् लिहिलं, 'घरीच या की.' कामात असेल, असं त्याला वाटलं.

वेड लावलं ते वर्गातल्या पोरांनी. एका जपानी चित्रकथेवर बेतलेली ॲनिमे मालिका, भुतांची शिकार करणाऱ्या हारू नावाच्या पोराची. नेटवर गौरी नावाची कुणीतरी त्या मालिकेला मराठी सबटायटल टाकत होती, अन् त्यातली भुतं चक्क भूम तालुक्यातलं बोलायची. पोरं हसायची. प्रसेनजितही हसला, अकराव्या भागापर्यंत.

त्या भागात मुखवटा घातलेलं एक भूत हारूचा थोरला भाऊच निघतं. बर्फानं झाकलेल्या पुलावर हारू तलवार उगारतो. भूत आपली तलवार खाली टाकतं आणि मुखवट्याआडून बोलतं. खाली ओळ येते : 'लई उशीर केलास रं. पण आलास की.'

"ताई, ती ओळ मूळ जपानीतही तशीच आहे का? शब्दाला शब्द?"

गौरी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "येवढं का इचारताय?"

आत कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिसऱ्या शिट्टीला मागच्या अंगणातून तिची आई सत्यभामाबाई लगबगीनं आत आली आणि गॅस बंद करून गेली. गौरी जागची हलली नाही. ती उत्तराची वाट बघत होती.

प्रसेनजितनं सांगून टाकलं. वडील गेले तेव्हा तो गावी मुरूमला पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. थोरला भाऊ बुद्धघोष दारातच, चारचौघांत म्हणाला, 'आता कशाला आलास?' त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही.

"ती ओळ वाचली अन् रडलो मी. म्हटलं, कुठल्या तरी जपानी माणसाला हे सुचलं, म्हणजे थोरला भाऊ असंही म्हणू शकतो. ते खरं असेल तर मुरूमला जाईन." डोळे पुसायला त्यानं मान खाली घातली. "तुम्ही जपानी कुठं शिकलात?"

गौरी वाकून त्याचा चेहरा बघू लागली. त्यानं वर बघितलं.

"काय म्हणलात?"

"जपानी कुठं शिकलात?"

"मला जपानी न्हाय येत, सर."

त्याला वाटलं, ती गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती.

"मग ह्या ओळी?"

"मी नुसतं बघती. मान, खांदे, हाताची बोटं. दहा-दहा बारी बघती. माणूस काय म्हणत आसंल, ते कळतंय की. त्यो तलवार टाकतो तवा त्याचे खांदे बघा. रागातला माणूस आसे खांदे पाडत न्हाय. मग म्या तसं लिवलं."

"अन् तो खरं काय म्हणतो?"

"म्हाईत न्हाय. निराळंच कायतरी म्हणत आसंल." तिनं मांडीवरचं कापड सारखं केलं. "चुकलं का माझं?"

प्रसेनजितला राग यायला हवा होता. तो आला नाही. त्या दिवशी बुद्धघोष दारात कसा उभा होता, ते तो आठवू लागला. शब्द तर तोंडपाठ होते. खांदे मात्र काही केल्या आठवेनात. सहा वर्षांत त्याला हा प्रश्नच पडला नव्हता.

तो उठला. मुरूमला पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागणार होत्या. निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचता आलं असतं.

"सर." गौरीही उठून दारापर्यंत आली. "मला बी येक इचारायचंय. घरात कुणी नीट सांगत न्हाय, म्हणून तुमाला इचारती."

"विचारा की."

"त्या भुताचा आवाज कसा हाय हो? तुमाला तर ऐकू येतंय."