छातीचा फोटो

किसनसिंगच्या पत्राला किशनरावांनी वर्ष उलटत आलं तरी उत्तर दिलं नव्हतं. कार्ड कोनाड्यात धूळ खात पडलं होतं, पण मजकूर त्यांना पाठ होता. ‘माझा फोटो साफ निघाला. डॉक्टर म्हणाले, घरी जा, बिडी सोडा. खोकला आहे, पण जाईल हळूहळू. तुमच्या फोटोत काय निघालं ते कळवा.’

काय कळवायचं?

दोघांची ओळख हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यातली. खाटेला खाट लागून. पहिल्याच सकाळी नर्सनं ‘किसन’ म्हणून हाक मारली आणि दोघांनी माना वर केल्या. सेनगावकडच्या तांड्यावरचा किसनसिंग खोकत खोकतच हसला.

“मास्तर, सुई तुमीच घ्या. नाव तर एकच हाय.”

किशनराव शाळेतून निवृत्त झालेले, बुजरे. पुस्तकं सोडून कुणाशी त्यांची फारशी जवळीक नव्हती. या माणसाशी मात्र दोन दिवसांत सूत जमलं.

मग दोघांच्या छातीचे फोटो काढले. फोटो मिळायच्या खिडकीपुढं बायकांचीच गर्दी होती, म्हणून किशनरावांनी बायकोला, केशरबाईला पाठवलं. ती पाकीट घेऊन आली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. म्हणाले, गाठ आहे. लगेच औरंगाबादला गेलात तर उपाय आहे, उशीर केलात तर नाही.

किशनराव गेले नाहीत. ऑपरेशनची भीती होती, आणि आपल्यासाठी कुणी एवढी खटपट करावी असे आपण कोण, हेही मनात होतं. हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या घरी येऊन त्यांनी पुस्तकं शाळेला देऊन टाकली आणि ओसरीवर बसून मरणाची वाट पाहू लागले. केशरबाई रडली, भांडली, मग अडुळशाचा काढा उकळू लागली.

त्याच दिवसांत किसनसिंगचं कार्ड आलं. वाचून आनंद व्हायला हवा होता, तर पोटात जळलं. रात्र रात्र खोकणारा तो सुटला आणि नुसती धाप लागणारे आपण अडकलो. त्या जळण्याची एवढी लाज वाटली की उत्तर राहूनच गेलं.

हिवाळा सरला, उन्हाळा सरला. मरण काही आलं नाही. उलट धाप गेली, भूक लागू लागली, किशनराव पायी बाजारापर्यंत जाऊ लागले. काढा लागू पडला, असं केशरबाई आल्यागेल्याला सांगायची.

तेव्हा कुठं त्यांचा हात लिहायला धजला. ‘माझ्या फोटोत गाठ निघाली होती, पण तिनं मला सोडलं. आता आपण दोघंही मोकळे. दिवाळीनंतर तांड्यावर येतो.’

बाजारच्या दिवशी नवराबायको पोस्टापाशी थांबले. कुणाला कार्ड, असं केशरबाईनं विचारलं. दवाखान्यातल्या किसनसिंगला, असं सांगून किशनरावांनी कार्ड पेटीत टाकलं. कधी नव्हे ते त्यांना हलकं वाटलं.

केशरबाईला हसू फुटलं.

“त्याच्या नावापायी माही काय फजिती झाली होती त्या दिवशी. फोटोवाली बाई नाव इचारून राहिली. मी कसं घेऊ तुमचं नाव? रांगेतली आपल्या वार्डातली एक जण बोलली, किसन. तर तिनं दोन पाकिटं काढली, म्हने कोनत्या किसनचं? मला कुठं वाचता येतं? लाजंकाजं वरचं उचललं न् आले.”