पडला तिथूनच

नवरा गेल्यावर काही महिन्यांनी त्याच्या मित्रांनी आग्रह करकरून वहिनींना गोल्फच्या मैदानावर नेलं. तिथे त्यांचा चेंडू नेमका झाडाच्या मुळांच्या बेचक्यात जाऊन बसला.

"वहिनी, बुटाने सरकवा जरा," त्या मित्रांतले डॉक्टर म्हणाले. "आपण काय स्पर्धेला आलोय?"

"छे! चेंडू पडला तिथूनच खेळायचा. नियम म्हणजे नियम. हे घरी उठता-बसता सांगायचे."

मित्रांना हसू आवरेना. "कोण, तो? अहो, चेंडू सरकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता! वर आम्हालाच म्हणायचा, 'मजेचा खेळ आहे रे, उगाच जिवाला घोर कशाला?'"

वहिनीही हसल्या, पण ते हसू ओठांवरच विरलं. लेकीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ती सासरहून बॅग घेऊन दारात उभी राहिली होती. रडून रडून डोळे सुजलेले. तिच्या बाबांनी तिला हाच नियम ऐकवला होता, आणि वहिनींनी मन घट्ट करून तिची बॅग स्वतः उचलून परत गाडीत ठेवली होती.

त्यांनी हातातली स्टिक डॉक्टरांकडे दिली आणि बाजूला जाऊन लेकीला फोन लावला.

"सामान भर. मी न्यायला येतेय तुला."

लेक हळूच म्हणाली, "आणि बाबांचा नियम?"

"तो त्यांनीही कधी पाळला नाही गं."