मतदार परीक्षेचा पेपर

“तिकडं वॉशिंग्टनला बसून सही करायला काय जातंय!” मिसिसिपीतल्या आमच्या कचेरीत मी राष्ट्राध्यक्षांच्या नावानं बोटं मोडली. त्यांच्या सहीनं मतदारयादीसाठीची परीक्षा बंद झाली होती. काळ्यांना यादीबाहेर ठेवायला ती मीच घ्यायचो. आज दारात पहिलीच उभी होती ओडेसा टॉलिव्हर, काळ्या मुलांच्या शाळेतली निवृत्त मास्तरीण. राज्यघटनेचं कलम समजावून लिहायला लावून तिला मी चारदा नापास केलं होतं. आता मी मुकाट्यानं तिचं नाव नोंदवलं, तरी ती हलेना. “आता काय राहिलं, ओडेसा?” “माझं कुठं चुकलं होतं, साहेब? चूक दाखवल्याशिवाय मी कुठल्याच पोराला नापास केलं नाही.” कपाटातून तिचा पहिला पेपर काढला. वर माझं लाल ‘नापास’, खाली तिच्या वळणदार अक्षरात पानभर उत्तर. “सावकाश वाचा,” ती म्हणाली, “चार वर्षं थांबलेय.” मी ते पहिल्यांदाच वाचत होतो.