वीस सेकंदांचा फोटो

साखरपुड्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांतल्या एकाही फोटोत ती दोघं एकटी नव्हती. मधोमध बापूकाका असायचेच. लग्नाआधी सोबतीला घरचं कुणीतरी हवं, असा नियम होता आणि मुलीच्या या चुलत्याला निवृत्तीनंतर दुसरं काम उरलं नव्हतं.

फोटोग्राफर केदारीने ते सगळे फोटो पाहिले होते. म्हणून रात्री तळ्याकाठी ट्रायपॉड उभा करताना तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका, उजेड फार कमी आहे, एका फोटोला वीस सेकंद लागतील. इथे कुत्री फार. तुम्ही तेवढा वेळ यांच्यापुढून येरझाऱ्या घाला. थांबू मात्र नका."

काका काठी आपटत इमानेइतबारे गस्त घालत राहिले. त्यांच्या मागे ती दोघं हातात हात घेऊन पुतळ्यासारखी उभी होती.

कॅमेऱ्यावर फोटो उमटला. त्यात तळं होतं, काठावरचा दिवा होता आणि फक्त ती दोघं होती. मुलीने ओठ दाबून हसू आवरलं.

"आणि मी कुठाय?" काकांनी विचारलं.

केदारी लेन्स पुसू लागला. "अंधारात जो चालत राहतो, तो फोटोत येत नाही, काका."

काका बराच वेळ फोटो न्याहाळत राहिले. मुलीने हळूच हात सोडवून घेतला.

"उद्या हिच्या काकूला घेऊन येतो," अखेर ते म्हणाले. "सोबत माझी आई येईलच, चाळीस वर्षं येतेच आहे. तिला चालायला सांगा. डॉक्टरही तेच म्हणतात."