वर्षभराचे रोजे

तुमचा विश्वास बसायचा नाही, पण छप्पन साली मी ईद सोडून वर्षभर रोजे धरले. पिंपरीची कंपनी लग्न झालेल्यालाच खोली देई, आणि चाकणचे होणारे सासरे खोली असणाऱ्यालाच मुलगी. तिशीतला गडी, जीव नुसता कावला. शेवटी मौलवींना गाठून हळूच विचारलं, "हातानं मोकळं होणं हराम आहे का हो?" "बहुतेक इमाम हरामच म्हणतात," ते म्हणाले. "काही म्हणतात, व्यभिचार घडायची भीती असली तर हे त्याहून धाकटं पाप. त्यापेक्षा निकाह कर." "तोच तर अडलाय!" "मग रोजे धर, त्यानं वासना आवरते." धरले! इतका वाळलो, की गेटवरच्या पहारेकऱ्याला दिसेनासा झालो आणि हजेरी बुडायला लागली. एवढं सांगतोय तोच आतून बायको, तीच चाकणची, ओरडली, "खोटं! वर्षभर भावाच्या हातून दुपारचा डबा मीच पाठवत होते, आणि तो रोज चाटूनपुसून परत यायचा!"